औताच्या बैलांना पाणी

अहिल्याबाई होळकरांचं नाव निघालं की आधी देवळं आठवतात. काशी, सोमनाथ, गया, घृष्णेश्वर. मग घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं. आपल्या इंदूरच्या घरांत ही यादी मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ झालेली असते. या लेखात मात्र आम्ही त्या यादीत सहसा न येणाऱ्या एका छोट्या कामाबद्दल लिहिणार आहोत. महेश्वरच्या आसपास ऐन उन्हाळ्यात शेतं नांगरली जात, तेव्हा बाईंचा नोकर पाणी घेऊन शेतात येई, औत थांबवी आणि जू मानेवर असतानाच बैलांना पाणी पाजून पुढच्या शेताकडे निघून जाई. बैल शेतकऱ्याचे, शेत शेतकऱ्याचं, आणि पाणी सरकारी खर्चानं.

ही नुसती दंतकथा नाही. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली आणि होळकरांचं राज्य इंग्रजांच्या कह्यात गेलं. त्यानंतर जॉन माल्कम माळव्याचा कारभार पाहू लागला. मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा ग्रंथ १८२३ साली निघाला, त्यात बैलांच्या पाण्याची ही नोंद आहे. बाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. माल्कम जिंकणाऱ्या बाजूचा माणूस. होळकरांच्या घराण्याचं कौतुक करण्याचं त्याला काही कारण नव्हतं, आणि बाईंच्या आश्रितांनी वाढवून सांगितलं असेल या शंकेनं त्यानं इतर लोकांकडेही चौकशी केली. म्हणून त्याच्या या भागावर आमचा विश्वास आहे.

बाईंना हे सुचलं कसं, हे समजून घ्यायचं तर त्यांचं आयुष्य जनावरांच्या बाजूनं पाहायला हवं.

जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडीचा. चौंडी सीना नदीच्या काठी, जामखेड तालुक्यात. तो जिल्हा आता त्यांच्याच नावानं ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, घराणं धनगरांचं. हा प्रदेश कमी पावसाचा. सीनेला पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात वाळू. धनगराच्या घरी मुलाला चालता येऊ लागलं की पहिलं शिक्षण पाण्याचं असतं: कोणत्या ओढ्यात फाल्गुनापर्यंत डोह राहतो, कुठे वाळूत हातभर उकरलं तर झरा लागतो, कळप कोणत्या वेळी पाण्यावर न्यायचा. मेंढरांनी पाणी प्यायल्याशिवाय धनगर भाकरी सोडत नाही, हे आजही त्या भागात कुणीही सांगेल.

सासरही त्याच मातीतलं. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर गेले. आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे, भोजराज बारगळांकडे गेली, आणि पुढे माळव्याचा सुभेदार झालेल्या या माणसाचं बालपण मामाची मेंढरं राखण्यात गेलं. तिथून कदम बांड्यांच्या फौजेत, मग पेशव्यांकडे. चौंडीला फौजेचा मुक्काम पडला असताना मल्हाररावांनी देवळात ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून निवडली, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, फौजेचा मुक्काम नदीकाठी पडणार हे तर ठरलेलंच. १७३३ साली खंडेराव होळकरांशी त्यांचं लग्न झालं. वय आठ.

आता थोडं घोड्यांविषयी, कारण या घराचं सगळं वैभव घोड्यांच्या पाठीवर आलं होतं.

मराठी फौज म्हणजे मुख्यतः घोडदळ. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचं घोडं आणणारा तो शिलेदार. घोडं दिवसाला साधारण पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितं. उन्हात दौड झाली तर त्याहून अधिक. दहा हजार घोड्यांची फौज धरली, तर रोजचं तीन लाख लिटर पाणी फक्त घोड्यांचं झालं. त्यात तोफा ओढणारे बैल, सामान वाहणारे उंट, बाजारबुणगे वेगळेच. माणूस एक वेळ खांद्यावरच्या पखालीवर भागवेल, घोड्याला ती कुठून पुरणार? म्हणून मुक्कामाची जागा शत्रू पाहून ठरायची तितकीच पाणी पाहूनही ठरायची. विहीर मिळाली तरी ती एवढ्या घोड्यांसाठी नसते. मोटेनं किंवा पोहऱ्यानं उपसायचं, दगडी डोणीत ओतायचं, आणि घोडी रांगेनं आणायची. दाण्याआधी पाणी, दाण्यानंतर लगेच नाही, नाहीतर पोटशूळ उठतो; हा घोडेवाल्यांचा जुना नियम. एका विहिरीवर हजार घोडी नेली तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत गढूळ चिखल उरतो.

पावसाळ्यात ही फौज मोडून माणसं घरी जात आणि घोडी कुरणांत सोडली जात. तिथे गवत कमरेएवढं, ओढे वाहते; चार महिने काळजी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की हिशेब सुरू. कार्तिक-मार्गशीर्षात पाणी जागोजाग मिळे, माघापासून शोधावं लागे, आणि चैत्र-वैशाखात एखादी फौज पाण्यासाठीच वाट वाकडी करी. मोहिमेच्या बखरी वाचताना आपण तलवारी पाहतो; दूरच्या कुरणात घोड्यांचं पाणी कुणी पाहिलं, हे त्यांत क्वचितच लिहिलेलं असतं. ते पाहणारी माणसं घरीही असत. होळकरांच्या घरी ती सून होती.

मल्हाररावांनी सुनेला लिहिणं-वाचणं, हिशेब, कारभार सगळं शिकवलं. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई सती निघाल्या, सासऱ्यांनी अडवलं. वय तेव्हा अठ्ठावीस; पदरात मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुलं. त्यानंतरची बारा वर्षं त्या मल्हाररावांच्या उजव्या हातासारख्या होत्या. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. लढाईआधीचे काही आठवडे छावणीची रसद तुटली होती. माणसं उपाशी होतीच, घोडी चाऱ्याविना मेली, आणि उरलेल्यांच्या अंगात धावण्याचं बळ नव्हतं. मल्हारराव त्या रणातून परतले. जनावर खचलं की फौज संपते, हे त्या घरात यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नसणार.

१७६५ मधलं मल्हाररावांचं सुनेला आलेलं एक पत्र उपलब्ध आहे. चंबळ उतरून ग्वाल्हेरला जावं, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, तोफखाना आणि दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर संरक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, असा त्यातला मजकूर. चाळिशीतल्या विधवा सुनेला सासरा हे लिहितो, आणि लिहिताना त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही, हेच त्या पत्रातलं विशेष. मोठ्या तोफा बैलांनी ओढायच्या. चार-पाच दिवसांचा मुक्काम म्हणजे तेवढे दिवस शेकडो बैलांचं पाणी आणि वैरण. पत्रात पाण्याचा उल्लेख नाही. ते सांगायची गरजही नव्हती.

मल्हारराव मे १७६६ मध्ये आलमपूरला गेले. मालेराव गादीवर आले आणि वर्षाच्या आतच १७६७ मध्ये त्यांचाही अंत झाला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा म्हणून खटपट केली आणि राघोबादादांना बोलावलं. दादासाहेब फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं धाडली, तुकोजी होळकरांना फौजेसह नदीवर उभं केलं, आणि माधवराव पेशव्यांनी कौल बाईंच्या बाजूनं दिला. हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून इथे त्यावर थांबत नाही. यानंतर तुकोजी फौजेचे, बाई राज्याच्या, अशी वाटणी झाली आणि ती अठ्ठावीस वर्षं टिकली.

राजधानी त्यांनी महेश्वरला नेली. इथे आपल्या विषयाची खरी गोष्ट सुरू होते आणि ती नीट समजायला महेश्वरची जमीन पाहावी लागते.

माळव्याचं पठार उतरून जामच्या घाटानं खाली गेलं की निमाड लागतो. १७९१ चा जाम दरवाजा अजून त्या वाटेवर उभा आहे. वर इंदूरला उन्हाळ्याची रात्र थोडी तरी गार होते. खाली निमाडात वैशाखातली दुपार अंग भाजून काढते. जमीन काळी आणि तिच्याखाली काळा पाषाण. या खडकात पाणी मुरतं ते फक्त वरच्या कुजक्या थरात आणि भेगांमध्ये. म्हणून विहीर खोल गेली तरी चैत्रात तळ दिसतो. शेजारून नर्मदा वाहते खरी, पण ती आपल्या पात्रात खोल. महेश्वरचा घाट उतरताना पायऱ्या मोजून पाहाव्यात. त्या काळच्या उन्हाळ्यात पाणी आणखी खाली असे. आता वरच्या-खालच्या धरणांमुळे पातळी पूर्वीसारखी राहिलेली नाही. शेतकऱ्याला बांधावरून नदी दिसत असेल. पण तहानलेली जोडी सोडायची, काठ उतरवायची, पाणी पाजून तोच चढ पुन्हा चढवायचा, यात सकाळचा निम्मा वेळ गेला. तोवर ऊन डोक्यावर. मग शेतकरी काय करणार? एवढं तास होऊ दे, तेवढं तास होऊ दे, म्हणत बैल ताणणार. त्याला बैलाची दया नसते असं नाही. पाऊस यायच्या आत नांगरट झाली नाही तर वर्ष जातं, हे त्याला माहीत असतं.

बाईंच्या नोकराचं पाणी नेमकं या जागी येत होतं. जोडी न सोडता, तास न मोडता. पुण्य म्हणून बैलाला पाणी पाजायचं असतं तर वेशीवर हौद बांधूनही भागलं असतं, आणि हौदावर नावही कोरता आलं असतं. शेतात नेलेलं पाणी दुपारपर्यंत बैलाच्या पोटात जिरून जातं, मागे काही उरत नाही. औताच्या एका बैलाला उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागतं. किती माणसं, किती पखाली, किती फेऱ्या, याचा कुणीतरी रोज हिशेब करत असणार. आमच्या मते हे काम ज्यानं कुणी ठरवलं त्याला बैलाचं दुःख आणि शेतकऱ्याची घाई, दोन्ही कळत होती.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. १९७८ पासून इंदूरच्या नळांना नर्मदेचं पाणी येतं. ते उचललं जातं जलूदहून, मंडलेश्वरजवळून, म्हणजे महेश्वरपासून हाकेच्या अंतरावरून. तिथून ते पंपांनी विंध्याचा चढ चढून सुमारे सत्तर किलोमीटर इंदूरपर्यंत येतं. नदी खाली आणि तहान वर, ही अडचण तशीच आहे. पखालीच्या जागी पंप आला.

माल्कमनं बैलांच्या जोडीनं आणखी दोन गोष्टी टिपल्या आहेत. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून बाईंनी उभ्या पिकाची काही शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली होती, आणि नर्मदेतल्या माशांनाही रोज खाणं घातलं जाई. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाणी घेऊन माणसं बसवलेली असत. यातली पाखरांची गोष्ट लोकांना फार आवडते, कीर्तनातही येते. बैलांची तेवढी येत नाही.

हा खर्च कुठून होत असे, हेही सांगायला हवं. होळकरांच्या कारभारात दौलत आणि खासगी अशी दोन वेगळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. त्यातून फौज, किल्ले, पेशव्यांची देणी. खासगी म्हणजे राणीची स्वतःची जहागीर. मल्हाररावांनी १७३४ साली पत्नी गौतमाबाईंसाठी पेशव्यांकडून ती मिळवली होती. उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आसपास. गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरची देवळं, घाट, विहिरी, बारवा, कुंड, पाणपोया यांचा खर्च या खासगीतून होई. वेरूळचं शिवालय तीर्थ घ्या, चांदवडच्या रंगमहालाच्या आवारातली बारव घ्या, किंवा केदारनाथच्या वाटेवरची धर्मशाळा आणि कुंड घ्या. तिथली धर्मशाळा बाईंच्या मागे वीस-बावीस वर्षांनीही सुस्थितीत असल्याचं एका इंग्रज कप्तानानं १८१८ मध्ये पाहिलं होतं. दक्षिणेतल्या दूरच्या देवांना स्नानासाठी गंगेचं पाणी कावडीनं जात असे, तेही याच खात्यावर. त्याच खात्यात निमाडातल्या बैलांचं पाणी. देवाचं गंगाजल आणि बैलाचं पाणी बाईंनी एका वहीत मांडलं.

हे सगळं निर्वेध चाललं असं मात्र नाही. तुकोजी वयानं बाईंच्या बरोबरीचे, मानानं वागणारे. पण फौज घेऊन कधी पुण्याकडे, कधी उत्तरेत, वर्षानुवर्षं बाहेर, आणि कायम पैशाच्या टंचाईत. त्यांची मागणी येई, बाई हिशेब मागत, हिशेब वेळेवर येत नसे, मग दोन्हीकडून कडवट पत्रं. फौजेची घोडी उपाशी असताना खासगीचा पैसा घाट-धर्मशाळांवर जातो, असं छावणीत वाटत असणार हे उघड आहे. तिकडे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या त्या पलटणींनी होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाईंच्या दानधर्मानं होळकरांची तलवार बोथट झाली, हा आक्षेप पुढच्या काळात घेतला गेला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खासगीतले चार-सहा लाख फौजेकडे वळले असते तर दोन-चार पलटणी अधिक उभ्या राहिल्या असत्या. मात्र दुसरी बाजूही पाहायला हवी. तीस वर्षं माळवा-निमाडात बाईंच्या मुलखावर मोठं आक्रमण झालं नाही, वसुलासाठी रयत पिळली गेली नाही, आणि फौजेला जो काही पैसा पोहोचला तो याच नांगरटीतून आला. उन्हात बैल बसला तर शेत पडीक, शेत पडीक तर वसूल नाही, वसूल नाही तर घोड्याला दाणा कुठला? तुकोजी साखळीच्या एका टोकाला उभे होते, बाई दुसऱ्या.

वाटा सुरक्षित नसतील तर रस्त्यावरच्या पाण्याचाही उपयोग नाही. घाटातले भिल्ल प्रवाशांना लुटत. बाईंनी आधी सक्ती करून पाहिली, मग त्यांचा वाटेवरचा जुना कर, भिल्लकवडी, मान्य केला. बदल्यात पडीक जमीन कसायची आणि आपापल्या हद्दीतल्या वाटेची जबाबदारी घ्यायची. त्यानंतर बैलगाड्या आणि तांडे त्या घाटांतून जाऊ लागले.

स्वतःचा दिनक्रम कडक. पहाटेआधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधं जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो दिवेलागणीपर्यंत. थोडी पूजा आणि फराळ करून रात्री पुन्हा कामाला बसत, ते अकरापर्यंत. पडदा नाही, कुणीही गाऱ्हाणं घेऊन यावं.

शेवटची वर्षं दुःखाची. नातू गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. आईनं विनवण्या केल्या, त्या निष्फळ ठरल्या. ज्या बाईला सासऱ्यानं चितेपासून मागे फिरवलं होतं, तिला स्वतःच्या लेकीला फिरवता आलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस त्या बोलल्या नाहीत. मग पुन्हा दरबारात बसू लागल्या.

१३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला त्यांचं निधन झालं. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य चतुर्दशी. इथल्या उत्तरेकडच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. इंदूरच्या अहिल्योत्सवाची पालखी भाद्रपदात निघते असं ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे दरवर्षी गोंधळतात, त्याचं कारण एवढंच.

दोन वर्षांत तुकोजीही गेले. पुढची वीस वर्षं माळव्यानं फौजा आणि पेंढारी पाहिले. कितीतरी गावं ओस पडली, विहिरी बुजल्या. ज्या रस्त्यांवर पाणी घेऊन माणसं बसत, तिथून घोडेस्वार धान्य आणि गुरं हाकून नेऊ लागले. माल्कम चौकशी करत फिरला तो या उजाड मुलखातून. बाईंचा काळ कसा होता हे विचारल्यावर लोकांनी त्याला जे सांगितलं, त्यात काशीचं देऊळ होतं, आणि उन्हात थांबवलेल्या औताच्या बैलांचं पाणीही होतं.